फेकायचा स्वेटर

ती पुलाखाली थांबली तेव्हा तिच्या अंगावर दोन सुती टी-शर्ट, मावशीने विणलेला स्वेटर, त्यावर रेनकोट आणि गळ्याभोवती मफलर एवढा ऐवज होता. बाहेर थंडीतला बारीक, चिवट पाऊस पडत होता आणि रेनकोटच्या आत त्याहून जोरात. चष्म्यावर वाफ धरलेली. आणि श्वास... तो तर मागच्या वळणावरच राहिला होता.

समोरून एक उंच माणूस धावत गेला. चार पावलं पुढे गेला आणि वळून परत आला.

"एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारून तर बघा."

"घरी कपाटात काही शिल्लक ठेवलंय की नाही?"

तिला खरं तर राग यायला हवा होता. आलं हसू.

"हे सगळं आईने घातलंय. मी फक्त आत आहे."

आता तोही हसला. पण लगेच गंभीर झाला, डॉक्टर रिपोर्ट बघून होतात तसा. "रेनकोटातून घाम बाहेर जायला वाट नाही. सुती कपडा पाणी पितो आणि पिऊन बसून राहतो. लोकर भिजली की ओझं. घाम लवकर सुकेल असा एकच पातळ टी-शर्ट घाला, वर हलकं विंडचीटर. धावायला निघताना आत्ताच्या थंडीसाठी कपडे घालायचे नसतात हो. दहा मिनिटांनंतरच्या आपल्यासाठी घालायचे."

"दहा मिनिटांनंतरची मी कशी असेन, हे मला आत्ता कसं कळणार?"

"निघताना जरा कुडकुडायला झालं ना, की बरोबर आहे समजायचं."

एवढं बोलून तो गेला. बाकी ना नाव, ना गाव.

दुसऱ्या दिवशी ती पातळ टी-शर्ट आणि विंडचीटर घालून निघाली. आई दारापर्यंत मागे आली. "सर्दी झाली तर माझ्याकडे वाफारा मागायला येऊ नकोस." पुलाखाली तो होता. योगायोगाने म्हणे. तिनेही तसंच म्हटलं.

मग रोजच योगायोग व्हायला लागला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांना वर-खाली नेण्याची काळजी वाहायची आणि सकाळी स्वतः सपाट रस्त्यावर धावायचं. ती चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायची. तो पावसात डोळे मिचकावत धावतो, हे तिला पहिल्याच आठवड्यात दिसलं.

"कॅप घालत जा, लिफ्टवाले. म्हणजे पाऊस डोळ्यांत जाणार नाही आणि समोरचं माणूस नीट दिसेल."

"समोरचं माणूस नीट दिसतंय मला," तो म्हणाला. मग उगाचच बुटाची नाडी बांधायला बसला. नाडी सुटलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यावर कॅप होती.

घरात मात्र तिची वेगळीच ख्याती होती. गिटार अर्धी, पोहणं अर्धं, जर्मन भाषा तर नमस्कारापर्यंतच, आणि एक ठरलेलं लग्नसुद्धा तिने मध्येच सोडलेलं. ते सोडलं ते बरंच झालं, हे सगळ्यांना मान्य होतं. तरी ते त्या यादीत धरलं जायचंच. तिने नदीकाठच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं, तेव्हा दादाला उकळ्या फुटल्या. शर्यतीत शेवटी एक गाडी येते, मागे पडलेल्यांना उचलून आणते, हे त्याने कुठूनसं काढलं होतं.

"गाडीत खिडकीची जागा धर हं!"

"गप्प बसा हो तुम्ही," वहिनी म्हणाली. पण हसली तीही.

काहीही झालं तरी आपल्या पायांनी परत यायचं, एवढंच तिने ठरवलं. एक गोष्ट तरी पुरी करायची.

शर्यतीच्या सकाळी पाऊस असा की रस्त्यावर पाणी साचलं होतं, म्हणून सुरुवात लांबली. ती नियमाप्रमाणे पातळ कपड्यांत उभी, आणि दात वाजत होते. तो जरा पलीकडे होता. एका आजोबांना सांगत होता, "आजोबा, ही जीन्स नाही चालायची, भिजली की मांड्या सोलवटतील." मग एका कॉलेजच्या मुलीला हातमोज्यांबद्दल. अगदी तेवढ्याच आस्थेने... तेच डोळे, तोच आवाज.

म्हणजे हा गडी सगळ्यांनाच सांगतो. पुलाखाली आपल्या जागी दुसरी कोणी असती, तर तिलाही असंच सांगितलं असतं.

तेवढ्यात तो आला. "कुडकुडताय."

"दहा मिनिटांनंतरची मी मस्त असेन. आत्ताची मी मरतेय."

त्याने अंगातला तपकिरी स्वेटर काढला. "हा घाला. सुरुवातीला ऊब म्हणून असले जुने कपडे घालतात आणि निघताना कठड्यावर फेकून देतात. गोळा करून गरजूंना देतात ते. फेकायचाच आहे."

"आणि तुम्ही?"

"मला नाही वाजत," तो म्हणाला, आणि त्याचेही दात वाजले.

तो पुढच्या गटात गेला. तिने स्वेटर चढवला, हाताची घडी घातली, आणि तिला उजवं कोपर दिसलं. बारीक बारीक अक्षरं वाचून घेणाऱ्यांच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. कोपर रफू केलेलं होतं. टाके वाकडेतिकडे, पण दोरा नवा कोरा, धुण्यात न पडलेला.

फेकायच्या स्वेटरला रफू?

शिट्टी झाली. सगळीकडून कपडे कठड्यावर उडाले. तिने स्वेटर काढला, हात उचलला... आणि बाह्या कमरेला बांधून ती धावत सुटली.

निम्म्या वाटेपर्यंत तो पाण्याने फुगला. प्रत्येक पावलाला मांडीवर थाप मारायचा, आजारी मांजर पोटाशी बांधल्यासारखा. आजोबा जीन्स सावरत पुढे निघून गेले. मागून गाडीचा आवाज यायला लागला. ड्रायव्हरने काच खाली केली. "ताई, तो स्वेटर टाका तरी! नाहीतर बसा गाडीत."

"दोन्ही जमायचं नाही, दादा."

खरंच जमणार नव्हतं. तिने नुसतं पुढच्या विजेच्या खांबाकडे बघायचं ठरवलं. मग त्याच्या पुढच्या. गाडी मागून गुरगुरत राहिली. ती शेवटची आली, पण आली आपल्या पायांनी.

रेषेपलीकडे तो कॅप हातात घेऊन उभा होता. त्याने आधी तिचा चेहरा बघितला, मग कंबर.

"तो फेकायला दिला होता."

"माहितीय."

"लोकर भिजली की ओझं होतं, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी!"

"होतं ना. फेकायच्या स्वेटरला कोणी रफू करतं का, तेवढं आता सांगा."

प्रत्येक कपड्यावर बोलायला काहीतरी असणारा तो माणूस हातातली कॅप पिळायला लागला.

"कधी केलंत?"

"काल."

"का?"

"आज तुम्ही... म्हणजे शर्यतीनंतर कॉफीला विचारणार होतो. फाटक्या कोपराने कसं विचारायचं?"

"मग फेकायचाय असं का म्हणालात?"

"नाहीतर घेतला असतात का?"

"आणि मी खरंच फेकला असता तर?"

"तर गेला असता," तो साधेपणाने म्हणाला. "तुम्ही कुडकुडत होता."

"मला वाटलं... तुम्ही सगळ्यांनाच सांगता, तसं मलाही."

"सांगतो सगळ्यांनाच. रफू नाही करत सगळ्यांसाठी."

फोन वाजला. दादा. "काय गं, मिळाली का खिडकी?"

"धावत आले. घरी आल्यावर सांगते." तिने फोन ठेवला. अंगावर काटा आला होता, आणि तो सगळाच थंडीचा नव्हता.

त्याने पिशवीतून कोरडं जाड जॅकेट काढून तिच्या खांद्यांवर टाकलं. "घाल हे आधी. आता धावायचं नाहीये." तुम्हीवरून तूवर आपण कधी आलो हे त्याला कळलंच नाही. तिला कळलं.

"हेही फेकायचं?"

"नाही."

"मग परत द्यायचं?"

त्याने जॅकेटची कॉलर सारखी केली. "...तेही नको."

बाह्या तिच्या बोटांपुढे लोंबत होत्या. त्याने एक दुमडली. दुसरी दुमडायला वेळ लावला.

"फार गरम आहे रे हे," ती म्हणाली.

"उभं राहायचं असलं की गरमच घालायचं असतं."

"किती वेळ उभं राहायचंय?"

"तू सांग."