तानूबाईंचं वेगळं ताट

पाळण्याखालून प्रणितानं बाळ पुढे केलं, आणि पलीकडून घ्यायला तानूबाईंचे हात आलेच नाहीत.

कानडी मुलखातल्या शहरात, चामराजपेटच्या त्या लहानशा घरात बारशाला जमलेल्या बायका गोविंद-गोपाळाचा पुकारा करता करता मध्येच थबकल्या. बारा दिवसांची इवलीशी पोर आईच्या तळहातांवर अधांतरी, आणि सख्खी आजी पदराआड हात लपवून भिंतीला टेकलेली... "वहिनी, घ्या की," नणंद भागुबाईंनी कोपरानं ढोसलं. "तुम्हीच घ्या अक्का, माझी कंबर धरलीय," असं कसंबसं पुटपुटून तानूबाई स्वयंपाकघरात शिरल्या. मग भागुबाईंनीच बाळ घेतलं, कानात 'सुखदा' असं नाव सांगितलं, घुगऱ्याही वाटल्या गेल्या. पण लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरहून आलेल्या प्रणिताच्या आईनं जी मान खाली घातली, ती शेवटची पाहुणी जाईपर्यंत वर केली नाही.

आत ओट्याला धरून उभ्या असलेल्या तानूबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. ज्या नातीची त्यांनी देवाकडे भीक मागितली होती, तिला दुरूनच पाहायचं, तिच्या जावळाचा वास दुरूनच कल्पायचा... पण करणार काय? आपल्या रक्तात मरण शिरलंय, अशी त्यांची पक्की खात्री झाली होती.

आणि त्याला निमित्त काय, तर एक हिरवी बांगडी!

सुनेच्या डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी त्या शिवाजीनगरच्या बाजारात चुडा भरायला गेल्या होत्या. चंद्राबाई बांगडीवालीच्या हातून एक बांगडी पिचली आणि काच मनगटात रुतली. चंद्राबाईच्या अंगठ्यालाही चिंधी बांधलेली होती. त्याच हातानं तिनं हळहळत तानूबाईंचं मनगट दाबून धरलं, हळद लावली, बांगडीचे पैसेही घेतले नाहीत. तेव्हा तानूबाईंना ती बाई किती मायाळू वाटली होती. परतताना बसमध्ये शेजारची गोजराबाई कानाशी लागली, "हिचा नवरा एड्सनं गेला म्हणतात." कोण म्हणतं, ते गोजराबाईलाही सांगता आलं नाही. पण तेवढा एक शब्द तानूबाईंच्या काळजात जो घुसला, तो काचेहून खोल गेला.

फोनवरच्या व्हिडिओतला एक डॉक्टर सांगे, असं काही होत नसतं. दुसरा कुणी सांगे, रक्ताला रक्त लागलं की संपलंच. कुणाचं खरं मानावं? तोंड आलं, की त्यांना वाटे, हेच ते. घाम आला, की वाटे, हेच ते. वजन घटलं, जेवण जात नव्हतं म्हणून घटलं होतं, पण घटलं म्हणून उरलंसुरलं जेवणही जाईना. कुणाला विचारायची तर सोयच नव्हती. साठीच्या बाईनं असा आजार तोंडातून काढला, की लोक पहिलं बोट नवऱ्याकडे दाखवणार, आणि शिंपीकाम करणारा शिवाप्पा तर असा माणूस की गिऱ्हाइकाच्या उरलेल्या चिंध्यासुद्धा परत करायचा. त्याच्या नावाला डाग लागण्यापेक्षा आपण मुकाट्यानं सोसलेलं बरं...

म्हणून त्यांनी आपलं ताट वेगळं केलं. तांब्या वेगळा, साबण वेगळा. विळीला हात लावणं सोडलं. सबंध जन्म शिलाई मशीनवर घालवलेले शिवाप्पा, बायकोचं काही कडक व्रत असेल असं समजून, निमूटपणे भाजी चिरू लागले. गवारसुद्धा कापड बेतावं तशी सरळ रेघेत. मुलगा योगीराज महादेवपुऱ्याच्या ऑफिसातून थकून येई, त्याला ताटं मोजायची उसंत नव्हती.

प्रणिताला मात्र ते ताट पहिल्या दिवसापासून टोचत होतं. ती दुसऱ्या जातीची. लग्नात भागुबाईंनी त्यावरून नाक मुरडलं, तेव्हा याच तानूबाईंनी भर पंगतीत नव्या सुनेच्या ताटातला घास उचलून तोंडात घातला होता आणि सगळ्यांची तोंडं बंद केली होती. त्या घासावर तर प्रणितानं या घराला आपलं मानलं होतं. मग आता काय बदललं? तो घास खरा, की हे ताट खरं? विचार करकरून तिचं डोकं भणभणून जाई.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी तिची आई न बोलता नागपूरला परतली. दुपारी प्रणिता स्वयंपाकघरात आली तर तानूबाई आपल्या त्या वेगळ्या ताटाशी बसलेल्या, पुढ्यात अर्धी भाकरी, आणि शेजारी भरलेली पिशवी.

"कुठे निघालात?"

"निपाणीला, भावाकडं. स्वल्प दिवस ऱ्हाते."

"स्वल्प म्हणजे किती?"

तानूबाईंनी पिशवीची गाठ पुन्हा आवळली.

"आई, एकदा स्पष्ट सांगून टाका," प्रणिता म्हणाली. "मी सून म्हणून चालले, पण माझी मुलगी चालत नाही, असंच आहे ना? माझी आई आज इथून काय घेऊन गेली, ठाऊक आहे? आयुष्यभर जे ऐकत आली, तेच. आणि मी तिला सांगत होते, आमचं घर तसं नाही..."

तानूबाईंच्या हातातला घास ताटात पडला. हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. घराला वाचवायला आपण बाजूला झालो, आणि सुनेची जन्माची जुनी जखमच आपण उघडी केली? सांगावं तर नवऱ्याची अब्रू जाते, न सांगावं तर पोर हा अपमान उराशी घेऊन जगते... त्यांनी डोळे मिटले.

"जात न्हाई गं पोरी... जात कसली काढतीस," त्या हुंदक्याआडून म्हणाल्या. "मलाच रोग लागलाय. तो... वाईट. एड्स."

प्रणिता ताटापलीकडे खाली बसली. "कसा?"

"बांगडीनं."

तुटक तुटक, मागचं पुढे आणि पुढचं मागे असं करत तानूबाईंनी चुडा, चिंधी, गोजराबाई, सगळं सांगितलं. "तुझ्या पोरीला हात लावला आन् तिला काय झालं तर... म्हणून दूर ऱ्हायले गं. तुझे मामंजी देवमाणूस हैत, त्येंच्यावर कोण शंका घेऊ नये..."

प्रणितानं ऐकलं. मग तिनं हात लांबवून सासूचं ते वेगळं ताट आपल्याकडे ओढलं, त्यातली उष्टी भाकरी मोडली आणि घास तोंडात घातला.

"नको गं!" तानूबाई तिच्या हातावर झेपावल्या. "अंगावर पितंय लेकरू तुझ्या..."

"उष्ट्यानं होत नाही, आई. मांडीवर घेतल्यानं होत नाही. मुका घेतल्यानंही होत नाही," घास गिळता गिळता प्रणिता रडू लागली होती. "खरंच झाला असता, तरी मी हेच केलं असतं. लग्नात तुम्ही घास उचलला, तेव्हा मला काही विचारलं होतं का?"

त्या वेगळ्या ताटावर दोघी कितीतरी वेळ एकमेकींच्या गळ्यात पडून रडत राहिल्या, आणि आत पाळण्यात सुखदानंही सूर धरला.

सकाळी योगीराज आईला घेऊन सरकारी दवाखान्यात गेला. समुपदेशक बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "अम्मा, अशानं लागण होण्याची शक्यता जवळजवळ नाहीच," त्या म्हणाल्या. "तरी तपासू, म्हणजे तुमचं मन निवांत होईल. आणि ज्यांना असतो, तेही गोळ्या घेतात, कामाला जातात, नातवंडांना खेळवतात. सरी?" तानूबाईंनीही कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणून मान डोलावली. पण रिक्षात बसल्याबसल्या पुन्हा मुलाला विचारलंच, "पण जखम उघडी हुती ना रे?" भीती अशी एका दिवसात घर सोडत नाही. रिक्षा शिवाजीनगरच्या वळणावरून गेली, तेव्हा त्यांना आठवलं, इतक्या महिन्यांत आपण त्या गल्लीत पाऊल टाकलेलं नाही. एका ऐकीव शब्दावर आपण त्या मायाळू बाईला मनातून वाळीत टाकलं... आणि इकडे सुनेला वाटत होतं, आपल्यालाही असंच वाळीत टाकलंय.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळायचा होता. ऑफिसला दांडी मारून योगीराज तो आणायला गेला. घरात तानूबाईंना कुठंच चैन पडेना; शिवाप्पांना सगळं कळलं होतं, ते बायकोचं ताट उचलून इतर ताटांच्या चळतीत घालून आले.

दारात चपला वाजल्या. योगीराजच्या हातात घडी केलेला कागद होता. "आई, रिपोर्ट..."

"थांब," प्रणिता म्हणाली. "उघडू नकोस."

तिनं पाळण्यातून सुखदाला उचललं, पाळण्याच्या एका अंगाला गुडघे टेकून बसली आणि सासूला दुसऱ्या अंगाला बसायची खूण केली. तानूबाई बसल्या खऱ्या; पण त्यांची नजर मुलाच्या हातातल्या कागदावर खिळलेली, आणि हात पदरात गुंडाळलेले.

"आधी तो कागद वाचू दे गं," त्या काकुळतीला आल्या. "मग..."

"मग नाही, आई. कागद बघून दिली, तर माझ्या आईला मी काय सांगू?"

तिनं बाळ पाळण्याखालून पुढे केलं. सुखदाचे चिमुकले पाय हवेत सायकल चालवत होते. "घ्या," प्रणिता म्हणाली, आणि तिचे हात तसेच थांबून राहिले.

तानूबाईंनी एकदा शिवाप्पांकडे पाहिलं, एकदा आपल्या मनगटावरच्या त्या पुसट वणाकडे पाहिलं... आणि दोन्ही हात पदरातून बाहेर काढले.

नात त्यांच्या ओंजळीत आली. किती ऊन होती ती, आणि किती हलकी! तानूबाईंनी तिला छातीशी धरून तिच्या जावळात तोंड खुपसलं, आणि प्रणितानं तिथूनच आईला फोन लावला.

योगीराजनं कागद उघडला, वाचला, आणि हसतच काही सांगायला तोंड उघडलं. पण त्याचं ऐकायला कुणी मोकळं नव्हतं.