एकोणसत्तरचा घोळ

सन १९९८. कचेऱ्यांत कॉम्प्युटर नवे नवे आले होते, आणि सगळी अक्कल त्यात भरून माणसं निर्धास्त झाली होती!

"आज पण कचेरी? मावशी, आम्ही पोहायला जाणार होतो!" भोंगा ओरडला. या भाच्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, म्हणून तो भोंगा.

"जा की! मी मरते एकटी रांगेत!" मावशी करवादली.

ती शिवणकाम करायची. जुनं मशीन पदोपदी दोरा तोडायचं. नव्यासाठी अनुदान मंजूर झालं होतं, पण 'खाते जुळत नाही' म्हणून पैसे दोनदा परत गेले होते. आज संध्याकाळी शेवटची यादी बँकेत जाणार होती. आज चुकलं, की अनुदान रद्द!

"चला, मी येते," भोंग्याची बहीण म्हणाली. तिला घरात वकीलबाई म्हणत. मग भोंगाही फुरंगटून निघाला.

कचेरीत खिडकीमागून कारकून टोकनचे नंबर पुकारत होता. "अठ्ठ्याहत्तर!" एक बाई जाऊन आली. मग, "एकोणसत्तर!"

कुणी हललं नाही.

"एकोणसत्तर! झोपलात का हो?"

वकीलबाईनं शेजारच्या आजोबांच्या हातात पाहिलं. टोकन ७९! ते निवांत वारा घेत बसले होते.

"ऐंशी!" कारकून वैतागून ओरडला. मावशी पुढे झाली.

तिला खात्याचा नंबर तोंडपाठ होता. "...आणि शेवटी एकोणसत्तर."

कारकुनानं पडद्याकडे बघून वाचलं, "...शेवटी एकोणसत्तर. बरोबर?"

"बरोबर!"

"मग? तपासलंय की! बँकेला विचारा."

"बँक म्हणते तुम्हाला विचारा! मी काय चेंडू आहे?"

"काका," वकीलबाई मध्येच म्हणाली, "शेवटचे दोन आकडे सुटे सुटे वाचा ना."

"सात, नऊ."

"सहा, नऊ!" मावशी किंचाळली.

"अहो, सत्तर म्हटलं की सातच येणार ना!"

"एकोण म्हणजे एक कमी, काका! तुमचं ते एकोणऐंशी!"

दर वेळी त्यानं चुकीचं लिहिलं होतं, चुकीचंच वाचलं होतं, आणि मावशीनं मान डोलावली होती. दोघांचं अगदी जुळत होतं. फक्त पैसे जुळत नव्हते!

कारकून लाल झाला. "दुरुस्तीला उद्या या."

"उद्या? यादी तर आज जाणार!" वकीलबाईनं भावाला कोपर मारलं. भोंग्यानं छाती भरून घेतली.

"लोकहोऽऽ! ज्यांच्या खात्यात नऊचा आकडा आहे, त्यांनी आपापला नंबर तपासून घ्याऽऽ!"

सगळा हॉल खिडकीवर धावला! ते आजोबासुद्धा, "म्हणजे मघाशी माझाच नंबर होता?" म्हणत. गलक्यानं मोठ्या बाई केबिनमधून बाहेर आल्या. सगळं ऐकून त्यांनी स्वतः उभं राहून आकडा दुरुस्त करून घेतला.

"पोरांनो, आमचं काम तुम्ही केलंत," त्या म्हणाल्या. "शाबास! आणि तुम्ही हो," त्या कारकुनाकडे वळल्या, "यापुढे एकेक आकडा!"

आठवडाभरात मशीन आलं. मावशीनं त्यावर गल्लीतल्या दोन पिढ्यांचे गणवेश शिवले. भोंगा बसस्थानकावर गाड्या पुकारायला लागला. त्याला माइक कशाला दिला, हे कुणालाच कळलं नाही. वकीलबाई गणित शिकवू लागली. कारकूनकाका निवृत्त झाले. पेन्शनसाठी खातं नोंदवताना त्यांनी आपला नंबर सुटा सुटा सांगितला आणि खिडकीतल्या मुलीला म्हणाले, "आता तू वाच, बाळ. एकेक. मला घाई नाही."