राखणीचा नमुना

साळवण्यात आता एखादं पोर माती खाताना सापडलं, तरी कुणी दवाखान्याकडे धावत नाही. आई फार तर पाठीत एक धपाटा घालते. एका पिढीमागे याच मातीत हात घातला की बोटांची सालं निघत. खाडीकाठचा रंगाचा कारखाना बंद पडला, मालक परागंदा झाले आणि मागे उरलं ते जमिनीत मुरलेलं विष.

हे विष सेंद्रिय होतं. सेंद्रिय म्हटलं की लोकांना महागडी भाजी आठवते. रसायनशास्त्रात त्याचा अर्थ एवढाच, की त्या पदार्थाच्या सांगाड्यात कार्बनच्या अणूंची साखळी असते. साखळी तोडली की विष संपलं. उरतो कर्बवायू, पाणी आणि चिमूटभर मीठ. ती तोडण्यासाठी शास्त्रज्ञांनी कातररेणू घडवले. मधोमध लोखंडाचा एक अणू, भोवती नत्राचं कडं. जखम धुताना फेसाळतं ते हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांना थोडंसं दिलं, की ते साखळ्या कातरत सुटतात आणि स्वतः मात्र खर्ची पडत नाहीत. भटजी गावभर लग्नं लावतो, पण दरवेळी स्वतः बोहल्यावर चढत नाही, तसंच हे.

हेमांगी देवस्थळी साळवण्याच्या शुद्धीकरण केंद्रात याच कामावर होती. कातररेणूंना आधी दोन नमुने द्यावे लागत. पहिला बिघडलेल्या मातीचा, म्हणजे यातलं खा. दुसरा त्याच शिवारातल्या चांगल्या मातीचा, म्हणजे यातलं सोड. या दुसऱ्याला केंद्रात राखणीचा नमुना म्हणत. पहिल्यात आहे आणि राखणीत नाही, त्या सगळ्याचा कातररेणू फडशा पाडत. राखणीचा नमुना घ्यायला हेमांगी स्वतः बांधाबांधाने फिरे. नव्याने आलेल्यांना ती बजावे, की विष ओळखायला यंत्रं आहेत, काय जपायचं ते मात्र माणसानंच ठरवायचं असतं.

इतकी शहाणी बाई घरी मात्र मत्सराने जळत होती.

श्रीरंगची ती दुसरी बायको. पहिली, कुमुद, तापाने गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. भिंतीवरच्या तिच्या फोटोचं हेमांगीला काही वाटत नसे. सणावाराला हार घालायचा उत्साहही तिचाच. तिला खुपायची ती दुलई. कुमुदने आपल्या मऊ झालेल्या साड्यांची शिवलेली. श्रीरंग ती अंगावर घेई आणि डोळे मिटण्याआधी तिचा काठ नाकाशी धरून एक खोल श्वास घेई. एकच श्वास, पण त्यापायी हेमांगीच्या जिवाचा कोळसा होई. जिवंत सवतीशी निदान भांडता तरी येतं. मेलेलीच्या आमटीला नावं ठेवता येत नाहीत, आणि ती म्हातारीही होत नाही. बरं, ती दुलई धुवायची, उन्हात घालायची, उसवली की टाके घालायचे, हे सगळं करायचं हिनं.

काय एवढं आहे त्या दुलईत, असं तिनं एकदा विचारलं होतं. श्रीरंगचे कान लाल झाले आणि तो सवय आहे म्हणून उठून गेला. त्याची कलमांची रोपवाटिका होती, आणि कलमं बांधणाऱ्या माणसाला बोलण्याची घाई नसते. हेमांगीला मात्र त्या लाल कानांतच सगळं उत्तर मिळालं.

माणसाचा वास म्हणजे तरी काय? सेंद्रिय रेणूंचीच एक मिसळ, आणि प्रत्येकाची वेगळी. हे तिला कुणी शिकवायला नको होतं. श्रीरंग रोपवाटिकेत गेलेला असताना तिनं केंद्रातून आणलेली कातररेणूंची कुपी उघडली. पहिला नमुना म्हणून दुलईच्या काठाची चिंधी दिली. राखणीला श्रीरंगचा घामेजलेला सदरा दिला, कारण नवऱ्याचा वास तिला हवाच होता, फार हवा होता. मग तयार झालेलं पाणी तिनं दुलईवर, गादीवर, कपाटात, खोलीभर फवारलं. हातमोजे घालायचंही तिला भान राहिलं नाही.

रविवारी जेवून श्रीरंग आडवा झाला. दुलई नाकाशी धरली. पुन्हा धरली. मग उठून बसला, तिची नीट घडी घातली आणि पायथ्याशी ठेवून दिली. हेमांगीला मात्र पुरणपोळीचं जेवण झाल्यासारखं वाटलं.

पुढे काहीतरी बिनसत गेलं. मांडीवर लोळणारी मांजर तिला पाहून पाठ फुगवू लागली. ती मागे येऊन उभी राहिली की श्रीरंग दचके. जवळ येई आणि परक्याच्या घरी आल्यासारखा मागे सरके. शेवटी तिनं त्याला धरून बसवलं आणि विचारलं.

"तुझा वास येत नाही गं," तो म्हणाला. "साबणाचा येतो, फोडणीचा येतो. तुझा येत नाही."

"आणि दुलईचा?"

"तोही गेला. तोच तर तुझा होता."

श्रीरंगच्या कानांवर पुन्हा तीच लाली चढली.

"कुमुदचा वास वर्षाच्या आतच उडून गेला होता. मग तू आलीस. धुवायला लागलीस, शिवायला लागलीस, दुलईला हळूहळू तुझा वास लागला. बायकोच्या दुलईत बायकोलाच हुंगतो, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?"

तिला केंद्रातलं साधं गणित आठवलं. दुलईत दोनच माणसं उरली होती, तो आणि ती. त्यातला तो तिनं राखला होता. लोकांचे बांध फिरून जपायचं काय ते शोधणाऱ्या बाईला स्वतःला राखायचं सुचलंच नव्हतं. रागाच्या भरात घर पेटवायचं आणि आपण आतच आहोत हे विसरायचं, तशातली गत.

तिनं फवारणीचं कबूल केलं, त्यानं सगळं ऐकून घेतलं. रागावला नाही, याचंच तिला जास्त लागलं. उतारा मार त्यावर, इतकंच म्हणाला. तिनं समजावलं, की आपल्या कातडीत मुरलेले कातररेणू आता संपत नाहीत. जिवंत कातडीत पेरॉक्साइड कणाकणानं बनतच असतं, त्यावर ते तगतात. केंद्रात काम झालं की माती भट्टीत घालतात, तेव्हा कुठे ते मरतात.

"मला घालशील भट्टीत?" तिनं विचारलं. तो हसला नाही.

काही दिवसांनी ती डबा घेऊन रोपवाटिकेत गेली. श्रीरंग शेडमध्ये पाठमोरा बसला होता. हातात मातीचे नमुने ठेवायची काचेची बरणी. तिच्यात हेमांगीची एक जुनी ओढणी होती, कधीतरी कामाला आली असताना खुंटीवर विसरलेली. त्यानं झाकण उघडलं, डोळे मिटले, एक खोल श्वास घेतला आणि झाकण घट्ट लावलं.

ती पुढे झाली तसा तो घाईनं उठला आणि त्यानं बरणी छातीशी धरली.

"हिला हात लावू नकोस," तो म्हणाला. "एवढीच उरली आहे ती."

हेमांगी डबा घेऊन दारातच उभी राहिली. त्या बरणीतल्या बाईचा तिला मनापासून हेवा वाटला.