चांदीची पंगत

आर्णीहून यवतमाळला निघालेल्या एसटीत पायलला खिडकी मिळाली नाही. ती एका उंच तरुणानं आधीच धरली होती. त्याच्या मांडीवर लॅपटॉप, पडद्यावर रंगीत गोळ्यांची जाळी. तिनं वाकून पाहिलं... आणि तिला हसू आवरेना.

"दादा, तुमची चांदी अशी एका रांगेत काहून बसवली?"

तो चमकला. एसटीत कुणी अणू ओळखावेत! "हिशेब सोपा जाते म्हणून. आणि दादा नका म्हणू ना."

"मंग काय, काका म्हणू?"

तो मारेगावचा धम्मरत्न, मामाकडून परतत होता. केसाहून पातळ सोलर पट्टीत ऊन शोषणारा थर असतो. त्यातल्या तांब्याच्या जागी थोडी चांदी मिसळली तर तो ऊन किती पकडेल, हे तो भट्टी न पेटवता कॉम्प्युटरवर काढत होता. पायलही यवतमाळच्या कॉलेजात तेच काम करायची.

"लग्नाच्या पंगतीत वरपक्ष एका रांगेत, वधूपक्ष दुसऱ्या, असं बसते काय कोणी?" ती म्हणाली. "जागा दिसन तिथं बसतेत. चांदीचंही तसंच. विखरून बसवा, मंग मोजा."

"पुढल्या सोमवारी मुलाखत हाय माही. बाहेरचे शास्त्रज्ञ येऊन राह्यले. संशोधनाची एकच जागा... आता आकडा मोठा येऊन राह्यला, तो उतरला तर?"

"तर उतरला! खोटा आकडा ऊन पकडते काय?"

आठवडाभर दोघं तिच्या प्रयोगशाळेत बसले. हिशेब लांबत गेला, चहा निवत गेला. नजर पडद्यावरून घसरायची, एकमेकांवर थांबायची — आणि पटकन परत पडद्यावर.

रविवारी उत्तर आलं. आकडा बराच खाली आला होता. धम्मरत्न लॅपटॉप मिटून उठून गेला. पायल दाराकडे पाहत राहिली. उद्या हा कोणता आकडा दाखवेल? आणि जुनाच दाखवला तर... याच्याकडे पुन्हा कसं पाहायचं?

सोमवारी मुलाखतीतलं सादरीकरण सगळ्यांसाठी खुलं होतं; ती मागच्या बाकावर बसली. त्यानं जुना आकडा पडद्यावर आणला. मग त्यानं त्यावर फुली मारली.

"हा चुकला होता, सर. चूक पायल राठोड यांनी धरली, त्या मागं बसल्या हायेत. खरा आकडा हा. कमी हाय, पण खरा हाय."

सगळ्या माना वळल्या. पायलची मान मात्र ताठ झाली. स्वतःसाठी नव्हे, त्याच्यासाठी.

संध्याकाळी कळलं, जागा दुसऱ्याला गेली. बसस्टँडवर ती त्याच्याजवळ उभी राहिली.

"वाईट वाटते?"

"थोडं. तुले?"

"मले? मले तर साऱ्या यवतमाळले सांगावं वाटून राह्यलं, हा माणूस माह्या ओळखीचा हाय!"

"फक्त... ओळखीचा?"

ती लाजली, पण नजर हलवली नाही. "माहा."

तिच्या बंजारा तांड्यातली चार माणसं गाडीची वाट पाहत उभी होती, टक लावून बघत होती. पायलनं त्यांना हसून नमस्कार केला, एकाच हातानं. दुसरा धम्मरत्नच्या हातात होता.