टिटाचं लुकण

टिटाची फळं आणायची होती. एवढ्याचसाठी लियांगा, त्याचा मेव्हणा लेवाई आणि धाकटी भावजय वेको उजाडताच कांदळवनातून निघून डोंगर चढू लागली होती. फळं डोंगरापलीकडे होती. आणि तिथेच, बेटावर घुसलेल्या जपान्यांची छावणी होती.

खाली खाडीच्या पोटात, तोडलेल्या फांद्यांखाली, एक काळी उडती नौका, पाण्यावर उतरणारं विमान, लपली होती. घायाळ बगळा पंख पसरून चिखलात बसावा तशी. कॅटलिना म्हणत तिला. तिच्या पोटाची गोळ्यांनी चाळण झाली होती. तिच्यावरच्या माणसांपैकी दोघंच उरले होते, वैमानिक हॅल्डेन आणि यंत्रं सांभाळणारा ऑगी. बाकीच्यांना किनाऱ्यावर माती दिली होती. आणि नौकेच्या तळाशी, ओल्या पत्र्यावर, टासा पडला होता. लियांगाचा धाकटा भाऊ, वेकोचा नवरा. जपान्यांच्या हालचाली टिपून गोऱ्यांना कळवायचं काम करताना त्याच्या पोटात गोळी शिरली होती. डॉक्टर समुद्रापार. साध्या होडीनं नेलं तर वाटेतच संपला असता. नौका उडाली, तरच टासा जगणार होता.

इंजिनं धड होती, तेल होतं. पण पाण्यात लोटली की नौका बुडू लागे. ऑगीनं बारीक भोकांत पेन्सिली ठोकल्या, बुटाचं कातडं कोंबलं. मोठी भोकं तशीच राहिली. तेव्हा लियांगानं तिच्या पोटावरून हात फिरवला होता, गाभण गाईच्या पोटावरून फिरवावा तसा, आणि म्हणाला होता, "पत्र्याची असली तरी होडीच आहे. होडी बुजवता येते, टिटाच्या लुकणानं."

चढण निसरडी होती. वेली पायात येत होत्या, जळवा पोटऱ्यांवर चढत होत्या. लेवाई दर वळणावर पुटपुटत प्रार्थना करी.

"आज शनिवार," लियांगा म्हणाला. "तुम्हा शनिवार पाळणाऱ्या मिशनवाल्यांना काडी मोडायची बंदी ना? आणि तू कोयता घेऊन निघालास."

"मेंढरू खड्ड्यात पडलं तर शब्बाथच्या दिवशीही काढावं. पुस्तकात आहे, दाजी."

"मेंढरू पाहिलंयस कधी?"

"नाही. पण टासाला पाहिलंय."

पुढे चालणारी वेको वळलीच नाही. "माझ्या नवऱ्याला मेंढरू म्हणालास ते परत गेल्यावर सांगते त्याला. आधी तोंड मिटून चाल."

छावणीचा धूर दिसला. तिघं पोटावर सरपटत झाडांखाली शिरली. तपकिरी, खडबडीत, मुठीएवढी फळं पाल्यात दडली होती. पलीकडे कुणीतरी खोकत होतं, कुणी भांडी घासत होतं. टोपल्या भरल्या. पानांची सळसळही न करता तिघं मागे फिरली.

ओढ्यावर घात झाला. दोन शिपाई गुडघाभर पाण्यात उभे राहून बाटल्या भरत होते. एकानं मान वर केली.

लेवाईनं उडी घेतली. कोयता एकदाच चमकला. पहिला शिपाई गळा धरून बसला आणि बसल्या बसल्या आडवा झाला. दुसऱ्यानं वेकोचे केस पकडून तिला दगडावर आपटलं. टोपली उलटली. लियांगा पाठीमागून त्याच्यावर पडला. दोघं पाण्याखाली गेले. शिपायाची बोटं लियांगाच्या डोळ्यात रुतली, दात मनगटात रुतले. लियांगानं सोडलं नाही. गुडघा त्याच्या मानेवर ठेवून दाबत राहिला, दाबत राहिला. बुडबुडे आले. मग बुडबुडेही येईनात.

वेकोच्या कपाळातून रक्त वाहत होतं. मेलेल्याकडे तिनं पाहिलं नाही. ती धारेत धावत सुटली, वाहून चाललेली फळं पकडत. एक काखेत, एक दातांत. एक पार खालच्या डोहापर्यंत गेलेलं, तेही तिनं सोडलं नाही.

लेवाई हात धूत होता. किती वेळ. शेवटी त्यानं मेलेल्याची बंदूक उचलली आणि खांद्याला लावली. परतीच्या वाटेवर त्यानं प्रार्थना केली नाही.

खाडीवर पोचताच प्रवाळाच्या दगडावर फळं किसायला घेतली. किसाचा लगदा झाला, लगद्याचं लुकण. तोच चिकटपणा, तोच वास, जो लियांगाच्या बापाच्या हातांना मरेपर्यंत यायचा. नौकेच्या पोटाखाली चिखलात उताणे पडून मेव्हणा-दाजी भोकं भरू लागले.

हॅल्डेननं वाकून वास घेतला. "हे धरेल?"

"माझ्या आज्याच्या युद्धहोडीला धरलं होतं," लियांगा म्हणाला.

"ती उडत नव्हती."

"परत पळताना उडायची, म्हणतात."

ऑगी हसला. किती दिवसांनी, कोण जाणे.

लियांगानं मेव्हण्याकडे पाहिलं. लेवाई चार बोटांनी लुकण रेटून पुढच्या भोकाकडे सरकत होता. "अरे, बोटांचे वळ राहतायत. ओलं पान फिरव, गुळगुळीत कर. ही काय पद्धत झाली?"

"उडणारी होडी, दाजी. हिला खालून बघायला कोण येणारे?"

"मी येईन."

"या मग."

लुकण वाळायला रात्र लागली. आत टासा तापानं बरळत होता. वेको त्याच्या कपाळावर ओली चिंधी ठेवी आणि वल्ह्याचं गाणं हळू म्हणत राही:

ओढ गं वल्हं बाई, पाण्याचं दार उघड,
माझा गं धनी थकला, लाटेनं उचलून धर.

सकाळी लियांगानं बोटाच्या पेरानं लुकण ठोकून पाहिलं. लाकडासारखा आवाज आला. फांद्या काढल्या. नौका पाण्यात सरकली, आणि आत पाण्याचा थेंब आला नाही.

पण वारा नव्हता. बाहेरचा समुद्र प्रवाळाच्या बांधाला अडलेला, आणि आतलं पाणी असं निपचित की ढगानं त्यात तोंड पाहावं. तिघं आपल्या होडीत बसून बघत राहिली. इंजिनं गर्जली, किनाऱ्यावरचे पक्षी उठले. नौका पाणी कापत लांबवर धावली. उठली नाही. वळून आली, पुन्हा धावली. पुन्हा तेच.

हॅल्डेननं खिडकीतून डोकं काढलं. "पाणी सोडत नाहीये! तळाला चिकटून बसलंय. एक लाट हवी. धक्का द्यायला एकच लाट."

लाट कुठून आणायची? आणि तेवढ्यात खाडीच्या टोकापलीकडून दुसरंच इंजिन धडधडू लागलं. जपान्यांचा पडाव. पुढच्या बाजूला मशीनगन, मागे हेल्मेटांची रांग. इंजिनांच्या गर्जनेनं तो आला होता आणि सरळ नौकेवर चालला होता.

लियांगानं पडावाकडे पाहिलं नाही. त्यानं पाहिलं त्याच्या मागे. नाकापासून फुटून दोन्हीकडे पसरत जाणारी, फेसाळ, जाड लाट.

"मासा हाकायचा," तो म्हणाला.

"मासा आवाजाला भिऊन पळतो, भावोजी," वेको म्हणाली. "हा तर आवाजाकडे येतोय."

"म्हणूनच. नौकेच्या पुढून आडवा न्यायचा. पलीकडच्या उथळ प्रवाळापर्यंत." तो थांबला. "तुम्ही दोघं उतरलात तरी चालेल."

वेकोनं वल्हं पाण्यात घातलं होतं. लेवाईनं बंदूक मांडीवर घेतली. "काल माझा शब्बाथ मोडला, दाजी. आज रविवार, तुमचा. फिटंफाट."

होडी सुटली. वल्ही एका तालात पडत होती. पडाव जवळ आला, इतका की सुकाणूवाल्याच्या तोंडातली विडी दिसली. लेवाई उभा राहिला. होडीत उभं राहून बंदूक चालवायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पहिली गोळी आभाळात गेली. दुसरीनं सुकाणूवाल्याच्या शेजारचा माणूस कोलमडला.

पडाव वळला! रागानं, पूर्ण अंगानं, होडी चिरडायला. मशीनगन फिरली. पाणी उकळल्यासारखं उसळलं. होडीची कड उडाली. वेकोचं वल्हं मधोमध तुटलं, ती तुटक्यानंच ओढू लागली. लेवाई तसाच उभा राहून मोठ्यानं मिशनचं गाणं म्हणत होता, बेसूर, आणि गोळ्या झाडत होता. मग गाणं थांबलं. होडी एका बाजूला जड झाली.

"मागे बघू नका," वेको ओरडली. "ओढा!"

मागून इंजिनांची गर्जना आली. हॅल्डेनला कळलं होतं. नौका पूर्ण वेगानं आली, पडावानं सोडलेल्या लाटेवर आडवी आदळली. एक धक्का. दुसरा. तिसऱ्याला तिच्या पोटाखाली उजेड दिसला. पाणी तिला सोडत होतं, धारांनी, नाखुशीनं, लेकीला सोडावं तसं. ऑगीनं बाजूच्या गनमधला शेवटचा पट्टा पडावावर रिकामा केला. हेल्मेटांची रांग मोडली. सुकाणूवाला चाकावर पालथा पडला.

होडी उथळ प्रवाळावरून घासत पार झाली. पडाव झाला नाही. तो भरवेगात प्रवाळावर चढला, फाटला आणि तिरपा झाला. मशीनगनचं तोंड आभाळाकडे झालं. माणसं पाण्यात पडली, काही ओरडत, काही नाही. प्रवाळावरचं पाणी लाल झालं.

काळी नौका डोंगराच्या खांद्यावरून पलीकडे गेली. आवाज विरला. तेव्हा लियांगानं मागे पाहिलं. लेवाई होडीच्या तळाशी वेकोच्या पायांवर डोकं टेकून पडला होता. छाती उघडी फाटलेली. नखांत अजून तपकिरी लुकण.

"तुझ्या बहिणीला काय सांगू रे?" लियांगा म्हणाला.

टासा जगला.

पुढे लियांगाचे केस पिकले, टासाला नातवंडं झाली. तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या एका शेडमधून बोलावणं आलं. भंगारात निघालेली ती नौका काही लोकांनी जपली होती, पत्रा पत्रा जोडून पुन्हा उभी करत होते. दोघं भाऊ गेले. लाकडी टेकूंवर ती उभी होती, काळी, जुनी, पंख पसरून. टासा खाली बसला आणि पोटावरच्या व्रणावर हात ठेवून नुसता बघत राहिला.

"हे तपकिरी काय आहे ते आम्हाला कळेना," तिथला कारागीर म्हणाला. "छिन्नी बोथट होते, पण हे निघत नाही. कापून नवा पत्रा बसवावा म्हणतोय. तुम्ही सांगा."

लियांगानं काठी बाजूला ठेवली. गुडघे कुरकुरले. तो जमिनीवर उताणा झाला आणि सरकत सरकत नौकेच्या पोटाखाली गेला. त्यानं स्वतः बुजवलेली भोकं गुळगुळीत होती, हाताला लागतही नव्हती. पुढच्या भोकावर बोटं थांबली. चार वळ. रुंद, घाईचे, पान न फिरवलेले.

त्यानं आपली चार बोटं त्या वळांत ठेवली.

"आलो बघ, मेव्हण्या," तो म्हणाला.

बराच वेळ तो बाहेर आला नाही. कारागिरानं वाकून विचारलं, "आजोबा, काढू का मग?"

"राहू द्या," आतून आवाज आला. "धरलंय अजून."