चार नंबरचं मशीन

ऑगस्टमधल्या त्या शनिवारी करुणा हिंगोलीच्या नेट कॅफेत चार नंबरच्या मशीनवर बसली, तेव्हा आधीच्या माणसाचं पान उघडंच होतं. प्रोग्रामिंगच्या सरावाची एक परदेशी साइट होती ती. गणित वाचायचं, प्रोग्राम लिहून पाठवायचा. बरोबर की चूक, एवढंच ती सांगायची. करुणाही तिथंच सराव करायची. बी.सी.एस.चं शेवटचं वर्ष होतं तिचं, अन् जवळा बाजारला घरी कॉम्प्युटर नव्हता.

पानावर नाव होतं धम्मदीप. खाली एकाच गणिताचे अकरा प्रयत्न... अकराही लाल.

तिनं प्रोग्राम वाचला. दहा आकडे तपासायचे तिथं तो अकरावा शोधायला जात होता. तिनं एक ‘=’ काढलं अन् पाठवून दिलं. ओळ हिरवी झाली.

“हे कोणी केलं?”

मागे एक उंच पोरगा उभा होता. विसरलेलं हेल्मेट घ्यायला आलेला. शर्टाच्या बाहीला खडूची भुकटी.

“मी... चूक दिसली म्हणून.”

“महिना झाला मी ती चूक शोधून राहिलो. तुमी काहून काढली?”

“बरोबर आलं ना पण?”

“तुमचं आलं. माझं न्हाई.”

करुणाला आधी राग आला. मग त्याचं म्हणणं पटलं, अन् त्याचाच जास्त राग आला.

“दुसरं गणित घ्या,” ती म्हणाली. “चूक कुठं हाय ते नुसतं बोटानं दाखवीन. सांगणार न्हाई.”

“बघा हं... सांगायचं न्हाई.” तो हसला, तेव्हा पहिल्यांदा तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं.

धम्मदीप शिरड शहापूरजवळच्या शाळेत शिक्षण सेवक होता. शाळेला दोन कॉम्प्युटर मिळाले होते आणि ते चालवायला कुणालाच येत नव्हतं, म्हणून तो शिकत होता. शनिवारी शाळा सकाळची. दुपारी तो हिंगोलीला यायचा. कॅफेवाल्या नेमसिंगनं दोन-तीन शनिवार पाहिलं, मग न विचारता चार नंबरपुढं दुसरं स्टूल ठेवलं.

ती त्याच्या ओळीवर बोट ठेवायची, तो कपाळाला आठ्या घालून बघत राहायचा. तिची अडचण वेगळी होती. साइटवरची लांबलचक इंग्रजी गणितं तिच्या डोक्यात शिरत नसत. ती तो सोपी करून सांगायचा.

“हे काय न्हाई. बाजाराच्या दिवशी गाड्या लावायच्यात. पहिले आलेली गाडी शेवटी निघते. बस.”

“एवढंच? मग इतकं लिहिलं कशाला?”

“त्यांच्याकडं बाजार भरत नसंल...”

ती हसली अन् टाइप करू लागली. तो स्क्रीनकडे बघत नव्हता. तिला ते कळत होतं. बोटं दोनदा चुकली.

“गुरुजी, इकडं बघा.”

“इकडंच बघून राहिलो.”

“स्क्रीनकडं.”

जानेवारीत नांदेडला पुण्याच्या एका कंपनीची परीक्षा झाली. त्यातलं एक गणित वाचताच तिला बाजारातल्या गाड्या आठवल्या. तिची निवड झाली, जूनपासून नोकरी. हे तिनं पहिल्यांदा त्यालाच सांगितलं.

“चांगलं झालं,” तो म्हणाला. मग बराच वेळ माउस उगीच फिरवत राहिला.

पुढचे दोन शनिवार तो आला नाही. तिसऱ्या शुक्रवारी करुणा औंढ्याला बस बदलून त्याच्या शाळेत गेली. लाइट नव्हती. दोन्ही कॉम्प्युटर बंद. त्यानं फळ्यावर कीबोर्ड काढला होता आणि लेकरं एकेक येऊन त्यावर आपलं नाव बोटानं टाइप करत होती. ती दारात थांबली. सुट्टीची घंटा झाली, लेकरं पळाली.

“दोन शनिवार काहून आले न्हाई?”

“सवय मोडून राहिलो होतो.”

“मोडली?”

“न्हाई.”

तो हातावरचा खडू झटकत राहिला. “तुमी पुण्याला जाणार. मला ही शाळा सोडवत न्हाई. मग काय बोलू...”

“शाळा सोडा म्हणलं का मी? नोकरी मीबी सोडणार न्हाई. पण विचारायचं असंल ते विचारा.”

तो फळ्याकडे वळला, परत फिरला. “करुणा... लग्न करता माझ्यासंगं?”

“व्हय,” ती म्हणाली. एवढं सोपं निघेल असं तिलाही वाटलं नव्हतं. “घरी मी सांगते. आईला पाठवा तुमच्या.”

धम्मदीपच्या आई येऊन गेल्या. करुणाच्या वडिलांना, भीमराजना, पोरगा आवडला. पण एक इथं अन् एक तिथं हा संसार कसा, ते त्यांना उमजेना. उन्हाळाभर त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

जूनमध्ये करुणा पुण्याला निघाली. हिंगोलीच्या स्टँडवर आई-वडील होते. धम्मदीपही आला होता, थोडा लांब, रसवंतीपाशी उभा. करुणानं दोनदा तिकडे पाहिलं. भीमराजनी ते दोन्ही वेळा पाहिलं.

गाडी लागली. भीमराजनी बॅग उचलली, अन् पुन्हा खाली ठेवली.

“गुरुजी,” त्यांनी हाक मारली, “इकडं या. बॅग वर ठेवा तिची.”

धम्मदीप आला, बॅग घेऊन चढला.

“अन् गाडी सुटेस्तोवर बसा तिच्याजवळ,” भीमराज खालून म्हणाले. “आमी हाओत इथं.”