बंद पाठीचा झगा

त्या दिवशी मी शाळेत फक्त एक झगा द्यायला गेले होते. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून इंद्रजीत, माझा नवरा, म्हणतो, तू घरूनच काहीतरी डोक्यात घेऊन गेली असशील. नव्हते गेले. एप्रिलची दुपार होती, छावणीतले रस्ते सुनसान होते, आणि पांढऱ्या सॅटिनला माझ्या हातांचा घाम लागू नये, एवढीच मला काळजी होती.

झगा बाळ येशूचा. आमच्या नंदूची शाळा सिस्टर लोकांची आहे. मागच्या बाजूला छोटं चॅपल, आणि तिथं काचेच्या कपाटात बाळ येशूची मूर्ती. दोन वर्षांच्या पोराएवढी असेल. उजवा हात आशीर्वादाला वर केलेला, दोन बोटं सरळ; डाव्या तळव्यावर पृथ्वीचा गोळा. वर्ष संपताना शाळेत आभाराची प्रार्थना होते. त्या दिवशी मूर्तीला नवा पांढरा झगा घालतात, आणि तो दरवर्षी कुणीतरी आई शिवते. ती ख्रिश्चनच असावी असं काही नाही. मागच्या वर्षी एका मारवाडी बाईंनी शिवला होता, जरीचे काठ लावून.

या वर्षी मी मागून घेतला. त्याला कारण नंदूचा हात.

राजनंदिनी जन्मताना तिचा खांदा अडकला. ओढून काढताना उजव्या हाताची शीर दुखावली. तेव्हापासून तो हात खांद्याच्या वर जात नाही. रोज सकाळी युनिफॉर्म चढवताना मी म्हणते, "हात वर कर बघू, दोन्ही." डावा वर जातो. उजवा अर्ध्यात थांबतो, आणि नंदू माझ्या तोंडाकडे बघत राहते, मम्मीचं तोंड पडलं का ते. सुट्टी लागली की पुण्याला ऑपरेशन करायचं ठरलं होतं. त्याबद्दल नेटवर जे जे वाचू नये ते सगळं मी वाचलं होतं. मी एम.एस्सी. आहे, केमिस्ट्रीत. शिक्षणाचा फायदा एवढाच झाला की भीती वाटते तीसुद्धा मुद्देसूद वाटते.

तर एका सकाळी, तिला वर्गात सोडून परतताना, मी त्या काचेसमोर उभी राहिले आणि मनातल्या मनात बोलले. ऑपरेशन टळू दे. तिचा हात वर जाऊ दे. तुला झगा शिवते.

सासूबाईंना, मनकर्णाबाईंना, हे सांगितलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. "नवस बोलली ते ठीक. पण काम व्हायच्या आधीच फेडायला निघाली व्हय? देवाला थोडं ताटकळत ठेवावं लागतं बाई."

"प्रार्थना उद्याच आहे, आई. नंतर शिवून काय करू?"

"तुझं सगळंच ॲडव्हान्स," त्या म्हणाल्या.

मापं सिस्टर अगाथांनी फोनवर सांगितली. उंची, छाती, बाही. रात्री मशीनवर बसले आणि सकाळी काजं-बटणं केली. नंदूचे फ्रॉक मीच शिवते, हात बसलेला आहे. गळ्याला पुढं एक मोत्याचं बटण लावलं. छान झाला होता. मला माझं काही छान झालंय असं क्वचित वाटतं, म्हणून लक्षात आहे.

बिल्किसनं स्कूटीवर सोडलं. तिची आमरीन नंदूच्याच वर्गात. "क्या रे, झगा शिवलाय की पेपर दिलाय? तोंड बघ तुझं," ती म्हणाली. "रिझल्ट लगेच नाही लागत तिकडं. मैं लड़कियों को देखती, तू जा."

चॅपलमध्ये शिरले आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. बाहेर एवढं ऊन होतं. आत मेणाचा, निशिगंधाचा आणि धुतलेल्या फरशीचा वास. सिस्टर अगाथा वैजापूरकडच्या, बोलणं थेट माझ्या मावशीसारखं. त्यांनी खिडक्यांचे जाड पडदे ओढून घेतले होते.

"बाळाला उघडं कुणी बघू नये म्हणून," त्या म्हणाल्या. "जुना झगा काढून ठिवलाय मी. ह्या चादरीखाली हाय मूर्ती. तुम्ही धरा, मी घालते. तेवढं करू नि..."

तेवढ्यात शिपाई आला, कुणी पालक ऑफिसात भांडतायत म्हणाला. सिस्टर निघाल्या. दारातून म्हणाल्या, "बसा इथंच. आलेच."

त्या गेल्या आणि लाइट गेली.

पंखा हळूहळू थांबला. पंखा थांबल्यावर कळतं की इतका वेळ तो किती आवाज करत होता. लांब ग्राउंडवर मुलांची प्रॅक्टिस चालू होती, पण भिंतींमधून येईपर्यंत त्या गाण्याचे शब्द झिजून नुसता सूर उरत होता. मी बाकावर बसले. उकडत होतं. समोर टेबलावर पांढरी चादर, आणि तिच्याखाली ते. एका लहान मुलाच्या उंचीचं.

मला वाटलं, काय बाई, नवं कापड आणलंय आणि बाळाला उघडंच ठेवलंय.

मी उठले. चादर काढली. अंधारात नीट दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी नीट बघतही नव्हते. उघड्या देवाकडे काय बघायचं. मी झगा दोन्ही हातांत गोळा करून घेतला, गळा रुंद धरला, जसा रोज धरते तसा. डोक्यावरून घातला. आणि तोंडातून सवयीनं निघालं...

"हात वर कर बघू. दोन्ही."

झगा सरकन खाली आला.

मी घेर सारखा केला. बाह्या ओढल्या. हनुवटीखाली बोट घालून गळ्याचं बटण लावलं. नंदूला लावते तसंच. मग बाकावर जाऊन बसले, आणि मला बरं वाटलं. एक काम झालं होतं.

लाइट आली तेव्हा सिस्टर दारात होत्या. "अगोबाई, घातला व्हय एकटीनं? लई शोभतोय." त्या जवळ गेल्या, मूर्तीच्या मागं वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"ताई," त्या म्हणाल्या, "ह्याच्या नाड्या कुठंत?"

"कसल्या नाड्या?"

"मागच्या. पाठ उघडी ठिवतात ना... पुढनं घालायचा नि मागं नाड्या बांधायच्या. मूर्तीचे हात वाकतात का?"

मी बघत राहिले. उजवा हात कोपरातून वर, दोन बोटं सरळ. डाव्या तळव्यावर गोळा, चिकटवलेला, माझ्या मुठीपेक्षा मोठा. आणि त्याच हाताच्या मनगटापर्यंत माझी अरुंद, काठ दुमडलेली बाही. पाठीवर अख्खं सलग सॅटिन. मी लेकराचा फ्रॉक शिवला होता. रोज त्या काचेसमोरून जाणाऱ्या बाईनं.

"मग हा चढला कसा?" सिस्टरनी विचारलं.

"मी... डोक्यावरून घातला."

त्यांनी बाही धरून ओढून पाहिली. गोळ्याला अडकली. उजवी कोपराला अडकली. मीही पाहिलं. पीओपी थंड होतं, टणक होतं, जसं असायला हवं तसंच. शिवण कुठं उसवली नव्हती. सिस्टरनी स्वतःच्या कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावली, आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "कापावा लागंल. पण उद्या. आता पोरं यायलीत."

मुलं आली. रांगेनं, आयांसकट. बिल्किसनं माझ्यासाठी जागा धरली होती. मी तिला काही सांगितलं नाही, काय सांगणार? फादर बोलले, एका मुलानं सगळ्या धर्मांच्या वतीनं आभार मानले, मग केजीची मुलं गाणं म्हणायला उभी राहिली. शेवटच्या ओळीला सगळ्यांनी दोन्ही हात वर करायचे होते. नंदूला बाईंनी मुद्दाम कडेला उभं केलं होतं, तिचा एकच जातो म्हणून.

दोन्ही गेले.

बिल्किसनं माझं मनगट धरलं. "देख," ती म्हणाली. "अगं, देख ना."

मी बघतच होते. गाणं संपलं, मुलांनी हात खाली केले, बसली. नंदूही बसली. तिचा उजवा हात वरच होता. कोपरात थोडा वाकलेला, दोन बोटं सरळ.

मी बाकांच्या मधून वाकत तिच्यापर्यंत गेले. "नंदू, हात खाली कर, राजा."

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, रोजच्यासारखं. "मम्मी, मी नाय वर केला."

आम्ही घरी पोचलो, आणि इंद्रजीत बिडकीनच्या कंपनीतून शिफ्ट अर्धी टाकून आला. तो रडला. मी त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं. मनकर्णाबाईंनी गल्लीत पेढे वाटले, आणि त्या मला म्हणाल्या, "तुझं ॲडव्हान्सचं बरं असतं गं." रात्री जेवताना हात हळूहळू खाली आला, नंदूनं त्याच हातानं वरण-भात कालवला. डॉक्टरांनी फोनवरचा व्हिडिओ बघून सांगितलं, उत्तम, ऑपरेशन थांबवू. सगळे खूश होते. मीही असायला हवी होते. मी झोपलेल्या नंदूजवळ बसून होते, आणि तो हात झोपेतच पुन्हा वर गेला होता. मी धरून पाहिला. एप्रिलच्या उकाड्यात गार होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत कुणी नव्हतं. सिस्टर अगाथा कात्री घेऊन चॅपलमध्ये थांबल्या होत्या.

"तुमचं कापड हाय, तुम्हीच कापा," त्या म्हणाल्या. "नायतर मी कापते. कसं करू?"

मी कात्री घेतली. सरळ पाठीवरून एक चीर द्यायची, मग नाड्या लावून द्यायच्या. पाच मिनिटांचं काम. पातं कापडाला टेकवलं, आणि मला नंदूचा हात दिसला, वरण-भात कालवणारा. चीर दिली तर काय होईल, हे मला कळत नव्हतं. काहीच होणार नाही, हेही पटत नव्हतं. एम.एस्सी. बाई कात्री धरून उभी, आणि समोरचा तो आशीर्वादाचा हात... तो आशीर्वादाचाच होता ना? की घालून घेताना वर केला होता, आणि मी खाली कर म्हणायचं विसरले होते?

"सिस्टर," मी म्हणाले, "राहू द्या. असाच राहू द्या."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनाही हेच हवं होतं की नको होतं, ते चेहऱ्यावरून समजलं नाही. "तुमच्या लेकराचं तुम्ही बघा," एवढंच म्हणाल्या, आणि काचेच्या कपाटाला कुलूप घातलं. किल्ली त्यांच्या कमरेला असते.

मे सुरू झाला. नंदूचा हात उत्तम आहे. ती झोका घेते, झाडाच्या फांदीला लटकते. रात्रीच तेवढं ते होतं. मी तिच्या अंगावर पांघरूण घालते तेव्हा तेवढी एक गोष्ट बाहेर राहते.

काल सिस्टर अगाथांचा फोन आला. आवाज खालचा होता.

"ताई, झगा निघालाय."

"कापला तुम्ही?"

"नाय. कुलूप तसंच हाय. झगा खाली पडलाय, मूर्तीच्या पायाशी. शिवण उसवली नाय काय नाय." मागं कुठंतरी पंखा फिरत होता. "उलटा हाय ताई. लेकरं ओढून काढतात ना डोक्यावरनं, आतली बाजू बाहेर... तसा. आणि गळ्याशी ओला हाय. घामानं."